सेकंदाचा पंचविसावा हिस्सा

इस्तंबूलच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलापाशी माझी बॅग तिसऱ्यांदा उघडली गेली आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. ट्रेमध्ये माझा सगळा संसार मांडला होता. तीन छोटे संगणक, वायरींची भेंडोळी, मल्टिमीटर, कशाकशाचे अकरा चार्जर. अधिकारी बाई एकेक वस्तू उचलून 'हे काय?' असं नुसत्या भुवयांनी विचारत होत्या.

"विशे, कुठं आहेस?" आईनं विचारलं.

"इस्तंबूलला. बोल."

"आप्पांचा बोलायचा पट्टा बिघडलाय. म्हणजे बोलतोय, पण हे नाहीत बोलत. तोच बोलतोय."

तिनं फोन आप्पांच्या गळ्याजवळ नेला. पट्ट्यातून एक गोड बाई इंग्रजीत सांगत होती, की तुमची भाषा या सेवेतून आजपासून वगळण्यात आली आहे, आजवर दिलेल्या साथीबद्दल आभार. वाक्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आप्पांनी ते तीनदा ऐकलं, मग मानेमागं हात नेऊन पट्टा सोडला आणि खिडकीच्या गजाला अडकवून ते बाहेर निघून गेले. खिडकीत ती बाई आभार मानत राहिली.

आप्पा म्हणजे माझे वडील, जोतिराम माळवदे. कृष्णाकाठच्या सावळवाडीचे. त्यांनी एकतीस वर्षं कुस्तीच्या मैदानात निवेदन केलं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडं यात्रा ठरली की आधी मल्ल ठरायचे आणि लगेच दुसरा फोन आप्पांना यायचा. पंधरा हजार माणसं जमलेल्या मैदानात मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला मातीतलं काही दिसायचं नाही. त्याला कुस्ती दिसायची ती आप्पांच्या आवाजातून. मग घशाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी स्वरपेटी काढली. त्या दिवशी मी लिमा शहरात होते. मी विमानतळांवर धुकं मोजणारी लेसर यंत्रं बसवते. वर्षातले दोनशे दिवस परमुलखात असते. धुकं पडलं की लोकांची विमानं चुकतात आणि माझं काम सुरू होतं. त्या आठवड्यात लिमात इतकं धुकं होतं की मला निघताच आलं नाही.

आप्पांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. लावणार तरी कसा, आवाजच नव्हता.

'आर्फोना' कंपनीचा पट्टा मीच त्यांना आणून दिला होता. त्यामागची कल्पना खरोखर सुंदर होती. स्वरपेटी गेली तरी मेंदूला त्याचं काय? 'पकड' म्हणायचं मनात आलं की तो ओठांना, जिभेला, जबड्याला पूर्वीसारखेच हुकूम सोडतो. स्नायू हलतात, आणि स्नायू हलला की कातडीवर विजेची बारीक लहर उमटते, व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याएवढी. गळ्याला आणि हनुवटीखाली लावलेल्या चकत्या ती लहर टिपतात. अशा लाखो लहरींवर शिकलेलं मॉडेल ओळखतं की हा 'प' होता, हा 'क' होता, आणि छोट्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडतो.

पण आर्फोनाचा पट्टा ती लहर आधी सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरकडे पाठवायचा. तिथं शब्द पुरा होईपर्यंत वाट पाहिली जायची, मग आवाज बनायचा, मग तो परत यायचा. जवळजवळ एक सेकंद. चहा मागायला तेवढा उशीर चालतो. आप्पा मात्र तो पट्टा लावून शेजारच्या गावच्या मैदानात गेले. 'घिस्सा' हे डावाचं नाव स्पीकरमधून येईपर्यंत मल्ल चितपट होऊन कपडे घालत होता. लोक हसले. त्यात भर म्हणजे माणूस बोलताना स्वतःचा आवाज ऐकत ऐकत पुढचा शब्द सावरत असतो. तोच आवाज उशिरा कानावर पडला की धडधाकट माणूसही तोतरा होतो. आप्पा तोतरे झाले. अर्ध्या मैदानातून घरी आले आणि नंतर पट्टा फक्त घरात वापरू लागले.

आता तेवढाही राहिला नव्हता.

चार दिवसांनी मी सावळवाडीला पोचले. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, मांडीवर लिहायची डिजिटल पाटी. मी म्हटलं, "आप्पा, कंपनीला मेल केलाय. त्यांचं म्हणणं, मराठीत हा पट्टा वापरणारे फक्त दोनशे बारा लोक आहेत."

आप्पांनी पाटीवर लिहिलं, 'मंजी दोनशे बारा माणसं एका दिवसात मुकी केली.'

"मी करते काहीतरी."

त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. 'तू कधी करणार? परवा कुठं चाललीस?'

"ताश्कंद," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

ताश्कंदच्या विमानात मी लॅपटॉप उघडला तो याच कामासाठी. धुक्याच्या यंत्रातही हेच असतं: गोंगाटात बुडालेली बारीक लहर ओळखायची आणि ताबडतोब ओळखायची, कारण वैमानिक थांबून राहत नाही. मला एक गोष्ट ठाऊक होती. स्नायूत वीज आधी येते, हालचाल तिच्यानंतर आणि आवाज त्याहूनही नंतर. या दोन टोकांत सेकंदाचा साधारण विसावा हिस्सा निसर्गानंच मोकळा सोडलाय. शब्द पुरा होण्याची वाट न बघता लहरीच्या एकेका तुकड्याचा तिथल्या तिथं आवाज केला, गळ्यावरच्याच चिपमध्ये, तर सगळं सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात उरकता येईल. तेवढा उशीर कानाला कळत नाही. त्यासाठी सर्व्हर नको, नेटवर्क नको, कुणाची परवानगीही नको.

आठ चकत्या, एक चिप, एक बॅटरी. बॅगेतल्या वस्तूंमधूनच मी पहिला पट्टा जोडला. तो बोलला नाही, नुसता गुरगुरला. मी आराखडा आणि सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला, कुणीही घ्यावा, बदलावा, मात्र केलेला बदल असाच उघडा ठेवावा या अटीवर. खाली लिहिलं: 'वडिलांसाठी करते आहे. गुरगुरतोय. मदत हवी.'

नवव्या दिवशी उलानबातरहून उत्तर आलं. ओयुना नावाची ध्वनिशास्त्रातली संशोधक. 'माझ्या मंगोल भाषेलाही त्यांनी त्याच दिवशी वगळलं,' तिनं लिहिलं होतं. 'तुझ्या मॉडेलमध्ये तीन चुका आहेत. दोन मी दुरुस्त केल्यात. तिसरी सुटली नाही, पण कुठं आहे ते सापडलंय. तुझ्या वडिलांचा जुना आवाज पाठव.'

जुना आवाज कुठून आणायचा? आप्पांनी स्वतःचं एकही रेकॉर्डिंग जपलं नव्हतं. हे काम आईनं अंगावर घेतलं. तिनं सत्तावीस गावांच्या यात्रा कमिट्यांना फोन लावले. "जोतिरामची मालकीण बोलतेय. तुमच्या मैदानाचं चित्रण कुणाच्या मोबाईलमध्ये असंल तर पाठवा." लोकांनी पाठवलं. लग्नाच्या सीडीच्या मागं राहिलेलं, जुन्या कॅसेटवरचं, कुणी ट्रॅक्टरवर उभं राहून घेतलेलं. एकशे चाळीस तास आवाज जमला, निम्म्या तासांत हलगी आणि शिट्ट्या.

ओयुनानं पहिला तुकडा ऐकून मला फोन केला. "हा माणूस कुस्तीबद्दल बोलतोय ना?"

"तुला मराठी येते?"

"एक अक्षर नाही. पण आमच्याकडेही कुस्तीच आहे. कोण पडलं ते आवाजावरून कळतं!" आणि ती मोठ्यानं हसली. त्या दिवसापासून ती या कामात आली ती आलीच. हलगीतून आवाज वेगळा काढायला आणि ती तिसरी चूक सोडवायला तिला सात आठवडे लागले. मी ते सात आठवडे पाच देशांत घालवले. रनवेच्या कडेला यंत्र बसवायचं, हॉटेलात येऊन ओयुनाचे बदल तपासायचे, पुढच्या विमानात माझे बदल करायचे. हळूहळू आणखी माणसं आली. कुणी पट्ट्याचं वजन निम्मं केलं, कुणी बॅटरी दिवसभर टिकवली. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे मी आजतागायत पाहिलेले नाहीत.

फेब्रुवारीत मी आप्पांच्या गळ्याला नवा पट्टा बांधला आणि नुसत्या ओठांनी शब्द म्हणवून घेऊन मॉडेलला त्यांच्या स्नायूंची ओळख करून दिली. दुपारची वेळ होती, आई सुपात शेंगा फोडत बसली होती.

"बोला आप्पा."

 आप्पांचे ओठ हलले आणि सोप्यात त्यांचा आवाज घुमला. त्यांचाच. थोडा खरखरीत, शेवटाला चढत जाणारा.

"काय बोलू?"

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. आप्पा स्वतःच दचकले. मग एकदम सुटले. पाच महिन्यांचं साठलेलं होतं. गल्लीतल्यांना नावानं हाका मारल्या, पाणीपुरवठ्यावाल्याला शिव्या दिल्या, १९९८ सालची एक कुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. कुठं स्वल्पविराम नाही, कुठं थांबणं नाही.

आई म्हणाली, "अहो, जरा दम घ्या की!"

"दम आता लागतोय कुणाला?" आप्पा म्हणाले.

खरंच होतं. या बोलण्याला फुप्फुसातली हवा लागतच नव्हती. ते श्वास घेताना बोलू शकत होते, पाणी पिऊन झाल्या क्षणी बोलू शकत होते, तासभर न थांबता बोलू शकत होते. हे मी गणितात कुठंच धरलं नव्हतं. ऐकणाऱ्याला मात्र पाच मिनिटांतच धाप लागायची. शेवटी आप्पांनीच ठरवून थांबायला शिकून घेतलं. "लोकांला श्वास घ्यायला मी थांबतो," असं ते म्हणायचे.

मार्चमध्ये आर्फोनाच्या पुण्याच्या कचेरीतून कौस्तुभ रानवडे नावाचे गृहस्थ घरी आले. सभ्य माणूस. त्यांनी पट्टा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आमच्या साठ इंजिनिअरांना हे जमलं नाही," ते म्हणाले. "विशाखाताई, तुम्ही आमच्याकडं या. पुण्यात स्वतंत्र प्रयोगशाळा तुमच्या हाताखाली. फिरती बंद. दर शनिवार-रविवार घरी. आप्पांना पट्टा आयुष्यभर. ओयुनाबाईंनाही आम्ही असंच विचारतोय."

"आणि कोड?"

"तो बंद करावा लागेल. इथून पुढचं सगळं कंपनीचं. मराठी आम्ही पुन्हा सुरू करू, शब्द देतो."

मी आप्पांकडं पाहिलं. फिरती बंद, हे शब्द त्यांनी नीट ऐकले होते. मी घरी असावं असं त्यांना किती वर्षं वाटत होतं ते मला माहीत होतं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी कदाचित गेले असते. मी दमले होते.

आप्पांनी विचारलं, "साहेब, मराठी पुन्यांदा सुरू करणार. आन् पुन्यांदा बंद केलीत तर?"

"त्याचा शब्द मी देऊ शकत नाही," रानवडे म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

"तालमीत येणाऱ्याला आम्ही माती इकत न्हाई," आप्पा म्हणाले. "ज्याला उतरायचं त्यानं उतरावं. हिचं ते तसलंच काय तरी हाय, मला समजलंय तेवढं. विशे, तू पुण्याला आलीस तर मला लई बरं वाटंल. पन ह्यासाठी येऊ नगंस."

मी रानवड्यांना नाही म्हटलं. उलानबातरहून ओयुनाचाही नकार गेला, तो मात्र माझ्यापेक्षा तिखट शब्दांत. रानवडे चहा पिऊन गेले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "माझ्या सासऱ्यांचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. आराखडा खरंच कुणीही घेऊ शकतं?"

"कुणीही," मी म्हटलं.

चैत्रात सावळवाडीच्या यात्रेचं मैदान भरलं. दुपारी साडेतीनला ऊन असं होतं की तांबडी माती डोळ्यांत चमकत होती. कमिटीनं आप्पांचं नाव पत्रकावर छापलं होतं, त्यामुळं आसपासच्या गावांतून माणसं निव्वळ ते ऐकायला लोटली होती. काही खात्री करायला, काही हसायलाही. आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानाला आली आणि माझ्याशेजारी स्पीकरच्या पेटीवर बसली.

आप्पांनी माईक हातात घेतला आणि सलामी दिली. पहिल्या वाक्याला मैदान गप्प झालं. दुसऱ्या वाक्याला शिट्ट्या सुरू झाल्या. पहिल्या चार कुस्त्या त्यांनी पूर्वीसारख्याच सांगितल्या. हात पडला की शब्द पडत होता. एवढ्या गर्दीत कुणाच्याच मोबाईलला नेटवर्क नव्हतं. पट्ट्याला त्याची गरजच नव्हती.

मग मोठी कुस्ती लागली, भैरू पाटोळे आणि अस्लम मुजावर. दोघांनी शड्डू ठोकले, हात घातले, आणि आप्पांचा आवाज फाटला. 'पट' म्हणायला गेले तर 'बड' आलं. पुढच्या वाक्यात नुसते घोगरे तुकडे. लोक एकमेकांकडं बघू लागले. मागून कुणीतरी हसलं.

मी लॅपटॉपवर पाहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या चकतीच्या रेषा हुबेहूब सारख्या दिसत होत्या. घाम! खारट घामातून वीज वाहते. दोन चकत्यांमधून ओघळलेल्या घामानं त्या दोन्ही एकच करून टाकल्या होत्या. चकत्या पुसून उपयोग नव्हता, दोन मिनिटांत तेच झालं असतं.

एकच उपाय होता. सकाळी ओयुनानं नवं मॉडेल पाठवलं होतं. शिकवताना तिनं मधूनमधून मुद्दाम एकदोन चकत्या बंद ठेवल्या होत्या, म्हणजे काही निकामी झाल्या तरी उरलेल्यांवरून मॉडेलनं अंदाज बांधावा. पण ते फक्त रेकॉर्डिंगवर तपासलेलं होतं. जिवंत गळ्यावर कधीच नाही. आणि तिला फोन करायला नेटवर्क नव्हतं.

मी धावत आप्पांजवळ गेले. "नवं मॉडेल घालते. चाललं तर चाललं. नाहीतर आवाज पुरता जाईल, सगळ्यांसमोर."

आप्पांनी माईक बाजूला धरला. ओठ हलले, आवाज आला नाही, पण मी वाचलं. 'घाल.'

मी परत लॅपटॉपपाशी येऊन मॉडेल पट्ट्यात चढवायला लावलं. त्याला चाळीस सेकंद लागतात. हलगीवाल्यांनी वेळ ओळखून हलगी वाढवली. मातीत अस्लमनं भैरूला खाली घेतलं होतं आणि वरून दाबत होता. मैदानातली पंधरा हजार माणसं ते बघत होती; मी एक हिरवी पट्टी भरताना बघत होते. आई माझं मनगट धरून बसली होती.

पट्टी भरली. आप्पांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. त्यांनी खाकरून पाहिलं नाही, 'हॅलो' म्हटलं नाही. ते थेट मातीकडं बघून बोलले.

"...आन् अस्लम वर हाय, पन भैरूचा उजवा हात बघा! भैरूचा हात कुठं चाललाय बघा! अस्लम, सांभाळ बाळा, त्यो घिस्सा घालतोय, घिस्सा घालतोय..."

भैरूनं अजून डाव टाकलाही नव्हता. आप्पांनी तो त्याच्या खांद्यात वाचला होता. पुढच्या क्षणी भैरू वळला, अस्लम हवेत गेला आणि आप्पांचा आवाज कर्ण्यांमधून आभाळभर झाला: "घातलाऽऽ! घिस्साऽऽ! आस्मान दाखवलं!" अस्लमची पाठ मातीला लागली ती त्याच अक्षरावर. सेकंदाचाही फरक नाही. अख्खं मैदान उठलं. टोप्या उडाल्या, माणसं आत घुसली, भैरूला खांद्यावर घेतलं, आणि दुसऱ्या बाजूनं वीसेक जणांनी निवेदकालाही उचललं. अस्लम अंगाची माती झटकत आला आणि खांद्यावरच्या आप्पांना खालूनच ओरडून म्हणाला, "चाचा, अजून जरा आधी सांगितलं असतं तर सुटलो नसतो का!"

आप्पा वरून बोलत होते. मल्लांची नावं पुकारावीत तशी नावं पुकारत होते.

"ह्यो आवाज जमवणारी, सावळवाडीची हिराबाई माळवदे! ह्यो आवाज बांधणारी, सावळवाडीचीच विशाखा माळवदे! आन् ह्या आवाजातनं हलगी काढणारी, मंगोलियाची, उलानबातर गावची ओयुना! वाजवा टाळ्या!"

मंगोलिया कुठं आहे हे तिथं फार थोड्यांना माहीत असेल. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं त्याचं चित्रण मी नेटवर्क मिळताच ओयुनाला पाठवलं. तिचं उत्तर फक्त एका ओळीचं होतं: 'त्यांनी माझं नाव घेतलेलं मी अकरा वेळा ऐकलं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दारात एक जोडपं उभं होतं. पलीकडच्या गावचे दत्तू गुरव आणि त्यांची बायको शालन. शालनताईंच्या गळ्याला सुती रुमाल होता. चार वर्षांपूर्वी त्यांचीही स्वरपेटी काढली होती. त्यांच्या जुन्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं, म्हणून सख्ख्या बहिणीचा आवाज त्यांनी मोबाईलमध्ये भरून आणला होता. ही हुशारी स्वतः शालनताईंची, असं दत्तूराव म्हणाले. त्यानंतरही दत्तूरावच बोलत राहिले. हिला चहा कमी गोड लागतो. हिला उन्हाचा त्रास होतो. हिला वाटतं की पट्टा निळ्या रंगाचा असावा. शालनताई हातवारे करत होत्या, पण त्यांच्याकडं न बघताच ते भाषांतर करत होते. चार वर्षांची सवय.

मी चकत्या लावल्या. आप्पा समोर बसून एकेक शब्द सांगत होते आणि शालनताई नुसत्या ओठांनी तो म्हणत होत्या. मॉडेल त्यांच्या स्नायूंची ओळख करून घेत होतं. असा पाऊण तास गेला. मग मी स्पीकर चालू केला आणि म्हटलं, "बोला शालनताई, काहीही बोला."

दत्तूराव पुढं सरकले. "तिला काय म्हणायचंय म्हणजे..."

"तुम्ही गप बसा जरा," शालनताई म्हणाल्या. "मी बोलतेय."